उत्स्फूर्ततेची रंगीत तालीम

४ जानेवारी

आजपासून रोजनिशी. नव्या अभ्यासक्रमात 'चिंतन' या गुणाला फार महत्त्व आहे, आणि जे मुलांकडून करून घ्यायचं ते आधी स्वतः करावं असं माझं मत. मुलांकडून अजून काहीच करून घेतलेलं नाही, पण माझ्यापासून सुरुवात तर झाली.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेनं, आज स्टाफरूममध्ये जाहीर केलं की सहावी ते दहावीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचा समन्वयक मी. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या गणिताच्या सरांच्या. हे पद आधी त्यांना विचारलं होतं, ते नको म्हणाले. मग विज्ञानाच्या बाईंना विचारलं, त्याही नको म्हणाल्या. दोघांनी मोठ्या मनानं माझ्यासाठी वाट मोकळी केली.

मार्चमध्ये पाहणी पथक येणार. मान्यता द्यायची की नाही ते तेच ठरवणार. नाही मिळाली तर दहावीच्या मुलांना पुन्हा जुन्याच पद्धतीची परीक्षा, आणि आतापर्यंतची सगळी मेहनत पाण्यात. माझी कन्या याच शाळेत दहावीत आहे. बापाच्या हातात मुलीचं भवितव्य. छाती भरून आली. थोडी जळजळही आहे. चहा कमी करणे.

५ जानेवारी

संकल्प: अभ्यासक्रमाची मार्गदर्शिका रोज थोडी वाचून महिनाअखेर संपवणे. आज मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका. अनुक्रमणिका अतिशय उद्बोधक.

चहा: चार कप. पण कप लहान होते.

८ जानेवारी

स्टाफला अभ्यासक्रमाचा गाभा समजावला. इथे पाठांतर नाही. मुलानं प्रश्न विचारायचा, स्वतः शोधायचं, चुकायचं, मग का चुकलो यावर विचार करायचा. शिक्षकानं कमी बोलायचं. हे मी अख्खा तासभर बोललो. शेवटी विचारलं, कुणाला काही प्रश्न? एकही नाही. इतकं स्पष्ट सांगितल्यावर प्रश्न उरतीलच कसे!

गणिताचे सर झोपले होते असं वाटलं, पण ते डोळे मिटून ऐकतात म्हणे. मुलांनी त्यांना 'कर्कटक' नाव ठेवलंय. उंच, काटकुळे, एक पाय रोवून दुसरा फिरवत उभे राहतात. शिकवण्याची पद्धत अशी की प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प उभं राहायचं. मी एकदा दारातून पाहिलं, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी. कुणीच बोलत नव्हतं. ना मुलं, ना ते. पगार नेमका कशाचा घेतात?

११ जानेवारी

कन्येबद्दल लिहायला हवं. बोलताना अडखळते. लहानपणापासूनच. शब्द ओठांशी येतो आणि तिथेच घट्ट बसतो. वाचा-उपचाराच्या ताई झाल्या, श्वासाचे व्यायाम झाले. बराच फरक पडला. त्या ताईंनी आम्हाला बजावलं होतं, तिला वेळ द्या, मध्ये शब्द पुरवू नका. बायको तसं करते. बायको दवाखान्यात दिवसभर दात काढते, समोरच्यानं तोंड उघडून नुसतं बसायची तिला सवय आहे. मला मात्र पोटच्या मुलीची तडफड बघवत नाही. शब्द अडला की मी देतो. इतक्या वर्षांच्या सरावानं तिचं वाक्य मला तिच्याआधी कळतं.

आज जेवताना म्हणाली, प्रकल्पाचा विषय ठरला. (दहावीच्या प्रत्येक मुलानं सत्रभर एक वैयक्तिक प्रकल्प करून शेवटी सगळ्यांसमोर मांडायचा असतो. अभ्यासक्रमाचा मुकुटमणीच तो.) विषय आहे सं... संगणक, मी म्हटलं. तिनं मान हलवली. संगीत? संस्कृती? संधिवात? बायकोनं माझ्याकडे पाहिलं. शेवटी कन्या म्हणाली, संवाद.

मी तेच म्हणणार होतो.

उत्तम विषय. कबुतरापासून उपग्रहापर्यंत. तारयंत्राचं मॉडेल मी करून देईन.

१५ जानेवारी

थर्माकोल आणला. बायको म्हणाली, तिनं मागितलाय का? मी म्हटलं, मागेपर्यंत वाट बघणारा बाप मी नव्हे.

प्रकल्पाला मार्गदर्शक लागतो. कन्येनं कर्कटकांना निवडलं! मी कारण विचारलं. म्हणाली, ते थांबतात. आता यात काय विशेष? शाळा सुटल्यावर मीही थांबतो. उलट त्यांच्यापेक्षा जास्त थांबतो.

२३ जानेवारी

नामी कल्पना सुचली. पथक दहावीच्या माझ्या इतिहासाच्या तासाला बसणार. मुलांनी उत्स्फूर्त प्रश्न विचारले पाहिजेत. ऐन वेळी कुणाला काही सुचलं नाही तर? म्हणून आठ उत्स्फूर्त प्रश्न मी स्वतः तयार केले, चिठ्ठ्यांवर लिहिले आणि आठ जणांना वाटले. प्रश्न एकमेकांत असे गुंफलेत की चर्चा आपोआप रंगत जाईल. चौथा मुलगा उठून म्हणणार, 'आत्ता ती जे म्हणाली ते मला पटत नाही.' मतभेदसुद्धा आहे! हे वाचून माझ्याच अंगावर काटा आला.

कन्येनं विचारलं, मला चिठ्ठी का नाही? मी म्हटलं, तुला प्रकल्पाचं काम आहे. ती काहीतरी म्हणायला लागली. मी म्हटलं, हो हो, कळलं, तुलाही वाटतं की ताण नको. तिनं दप्तर उचललं आणि गेली. समजूतदार आहे.

मार्गदर्शिका: पान अकरा.

३ फेब्रुवारी

उत्स्फूर्ततेची पहिली तालीम. पहिल्या बाकावरची मुलगी चिठ्ठी बघून वाचत होती. तिला सांगितलं, पाठ कर, म्हणजे सहज येईल. कर्कटक खिडकीशी उभे राहून ऐकत होते. नंतर म्हणाले, सर, मुलांना चिठ्ठीशिवाय एक तास देऊन बघा की. मी म्हटलं, पथक तोंडावर आलंय, असले धोके पत्करायला वेळ कुणाला आहे?

'धोका पत्करणे' हा अभ्यासक्रमातला एक गुण आहे म्हणे. ते पान अजून यायचंय.

९ फेब्रुवारी

पथक मुलांच्या एका गटाशी बंद दाराआड बोलणार. तिथे शिक्षकाला मज्जाव. रक्तदाब वाढला. मोठ्या बाई म्हणाल्या, हुशार आणि बोलकी सहा मुलं निवडून ठेवा, सगळी मदार त्यांच्यावर. फलकावर कागद लावला, इच्छुकांनी नावं लिहावीत. पहिलंच नाव कन्येचं.

बराच वेळ कागदासमोर उभा होतो.

तिच्या भल्याचाच विचार केला. परकी माणसं, परका प्रसंग, शब्द अडला तर? आणि तिथे मी नसणार. घरी सांगितलं की सहाही जागा भरल्या. बरं, म्हणाली. एका दमात, न अडखळता.

११ फेब्रुवारी

घोटाळा. जागा भरल्याच नव्हत्या, पाचच मुलं होती. सहावीसाठी मी कँटीनमध्ये एका वक्तृत्ववाल्या मुलीची मनधरणी करत होतो. ती नको नको म्हणत होती, मी तिला दुसरं सँडविच घेऊन देत होतो. पाठीमागच्या टेबलावर कन्या.

घरी आल्यावर तिनं एकच वाक्य म्हटलं. त्याला वेळ लागला. मी मदतीला तोंड उघडलं तर बायकोनं माझं मनगट असं धरलं की अजून दुखतंय. कन्या म्हणाली, बाबा, तुला माझी लाज वाटते का?

मी ताबडतोब उत्तर दिलं. सविस्तर दिलं. चार मुद्दे होते. तिसऱ्या मुद्द्याला पाहिलं तर खुर्ची रिकामी.

चौथा मुद्दा सगळ्यात चांगला होता.

१९ फेब्रुवारी

कन्या बोलत नाही. अभ्यासात गढून गेली आहे. बायकोला तसं म्हटलं तर ती म्हणाली, माझ्याशी बोलते की. काल बराच वेळ बोलत होती. मी विचारलं, काय म्हणाली? बायको म्हणाली, तिलाच विचार, आणि विचारून झाल्यावर गप्प बस.

तारयंत्र तयार. खटका दाबला की दिवा लागतो. कन्येच्या टेबलावर ठेवलं. संध्याकाळी ते हॉलमधल्या चपलांच्या कपाटावर होतं. तिथे जास्त लोकांना दिसतं, हे खरं.

२८ फेब्रुवारी

कन्या कर्कटकांबरोबर गावभर फिरते. औषधाच्या दुकानात, वाचनालयात, तिकिटाच्या खिडकीशी. मोबाइलवर चित्रण करते म्हणे. संवादाच्या इतिहासाचा तिकिटाच्या खिडकीशी काय संबंध? कर्कटकांना गाठून विचारलं. ते एक पाय फिरवत उभे राहिले, मग म्हणाले, तिला विचारा ना. सगळ्यांनी मिळून हे एकच उत्तर पाठ केलेलं दिसतं.

पथक पुढच्या आठवड्यात. झोप नाही. चहा मोजणं बंद केलं.

६ मार्च

पथक आलं. एक उंच बाई आणि एक टाय न लावलेले गृहस्थ. दोघंही हसतमुख. हसतमुख लोकांची मला जास्त भीती वाटते.

पहिलाच तास माझा. विषय औद्योगिक क्रांती. खडू हातात घेतला, फळ्याकडे वळलो, मी तोंडही उघडलं नव्हतं तेवढ्यात दुसऱ्या चिठ्ठीचा मुलगा ताडकन उठून म्हणाला, 'पण सर, याचा परिणाम फक्त शहरांवरच झाला का?' कशाचा परिणाम ते मला अजून सांगायचं होतं. मी म्हटलं, छान प्रश्न, बस. मग पहिल्या चिठ्ठीची मुलगी उठली, तिला रडू फुटलं, ती बसली. मी घाईघाईनं विषयाला हात घातला. वाफेच्या यंत्रापर्यंत आलो. गाडी रुळावर येते आहे असं वाटत असतानाच चौथ्या चिठ्ठीचा मुलगा उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, 'आत्ता ती जे म्हणाली ते मला पटत नाही.'

वर्गात कुणीच काही म्हणालं नव्हतं.

उंच बाईंनी फार प्रेमानं विचारलं, कोण, बाळ? तो म्हणाला, ती आज आलीच नाहीये, तिला ताप आहे.

तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर झाला. कन्येचा. तिच्याकडे चिठ्ठी नव्हती. म्हणजे तिला खरंच काहीतरी विचारायचं होतं. उंच बाई तिच्याकडे बघत होत्या. टाय न लावलेले गृहस्थ बघत होते. कन्या माझ्याकडे बघत होती.

मला हात दिसला नाही. वेळ संपत आली होती.

म्हणजे, दिसला.

पुढे लिहवत नाही.

७ मार्च

आज मुलांच्या गटाची मुलाखत. मी माझी सहा नावं पुढे केली. गृहस्थ म्हणाले, आभार, पण मुलं आम्हीच निवडतो. पटावर बोट फिरवून सहा जणांना बोलावलं. हे मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय म्हणे. मी ते पान गाठेपर्यंत जून उजाडला असता.

चौथं नाव कन्येचं.

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत सगळी शाळा होती. मी पाण्याचा जग घेऊन खोलीच्या दिशेनं निघालो. आत पाण्याच्या बाटल्या होत्या, हे मला माहीत होतं, मीच ठेवल्या होत्या. पण पाणी कधी जास्त होत नाही. दाराशी पोचलो, दार अजून उघडंच होतं. गृहस्थांनी काहीतरी विचारलं होतं आणि उत्तर द्यायची पाळी कन्येची होती. तिची हनुवटी ताठ झाली. मानेची शीर दिसायला लागली. मी ओळखतो ती शीर. शब्द माझ्या जिभेवर आला.

कन्या उठली. दारापाशी आली. माझ्या हातातला जग घेतला, थँक्यू म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दाराला काच नाही. काही ऐकू येत नव्हतं. एकदा आतून हसण्याचा आवाज आला. ते हसणं कसलं ते कळेना. मी व्हरांड्यात सूचनाफलकावरची जुनी सूचना पुन्हा पुन्हा वाचत उभा राहिलो. कर्कटक आले आणि शेजारी उभे राहिले. मी म्हटलं, तिला जमेल ना? ते काही बोलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं गप्प राहणं मला बरं वाटलं. थोडं.

दार उघडलं. मुलं बाहेर आली. मी कन्येला विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, बोललो आम्ही. आणि मैत्रिणींबरोबर निघून गेली.

१२ एप्रिल

अहवाल आला. मान्यता मिळाली, पण सशर्त, वर्षभरानं पुन्हा पाहणी. दहावीची मुलं वाचली. मुलं मोकळेपणानं बोलली, विशेषतः बंद दाराआड, असा एक परिच्छेद आहे. दुसरा परिच्छेद 'तालीम केलेल्या अध्यापना'वर. त्यात माझं नाव नाही. विषय दिलाय, इयत्ता दिलीय, तासाची वेळ दिलीय.

मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, तुमच्यावर फार भार पडला, आता विज्ञानाच्या बाई बघतील. मी म्हटलं, मी नाराज नाही. त्या म्हणाल्या, बरं झालं. इतक्या पटकन म्हणाल्या की मला नाराज व्हायला सवडच मिळाली नाही.

आता पूर्ण लक्ष घराकडे. उद्या प्रकल्पांचं सादरीकरण. संकल्प: पहिल्या रांगेत बसणे, शांत राहणे.

१३ एप्रिल, संध्याकाळ

पहिली रांग पाहुण्यांसाठी होती. तिसऱ्या रांगेत बसलो. सभागृह भरलेलं. पालक, शिक्षक, मुलं.

कन्येच्या प्रकल्पाचं नाव 'मी बोलत असताना तुम्ही काय करता'. कबुतर नाही, उपग्रह नाही. पडद्यावर तिनं टिपलेले चेहरे. औषधाचा दुकानदार घड्याळ बघतो. तिकीटवाली बाई काउंटरवर बोटं वाजवते. वाचनालयातले गृहस्थ तीन पुस्तकं काढून देतात, तिनं न मागितलेली. लोक हसत होते, मीही हसलो. माणसं किती उतावळी असतात! शेजारच्या पालकांना मी तसं म्हटलंसुद्धा.

मग दिवे लागले आणि ती बोलायला लागली. अडखळत होती, पण घाबरलेली नव्हती. हे मला नवीन होतं. अडलं की थांबायची, लोकांकडे बघायची, पुन्हा तोच शब्द धरायची. सभागृह थांबत होतं. मीही थांबत होतो. बायकोनं माझ्या हातावर हात ठेवला होता. बराच वेळ सगळं व्यवस्थित चाललं होतं, हे मी इथे नमूद करतो.

शेवटी ती म्हणाली, समोरच्यानं माझा शब्द पूर्ण केला की तो शब्द माझा राहत नाही. मग मला वाटतं की माझ्याकडे पुरेसा वे... आणि अडली. मान ताणली गेली. शीर दिसली. खूप वेळ गेला. निदान मला तरी तसं वाटलं.

'वेग!' मी म्हटलं.

मोठ्यानं. वर्गात शिकवायचा माझा आवाज आहे, शेवटच्या बाकापर्यंत जातो.

सगळ्या माना वळल्या. कन्या माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग शांतपणे म्हणाली, वेळ. पुरेसा वेळ नाही असं वाटतं. आणि माझ्याकडे हात करून सगळ्यांना म्हणाली, हे असं होतं.

सभागृह खदखदून हसलं. मग टाळ्या. लोक उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, आमचं आधी ठरलं होतं. बाहेर चहाला एक पालक येऊन म्हणाले, सर, काय टायमिंग होतं तुमचं! विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, मुलीसाठी स्वतःचं हसं करून घ्यायला मोठं मन लागतं. मी म्हटलं, धन्यवाद. कर्कटक शेजारीच होते. त्यांना सगळं माहीत होतं. ते चहा ढवळत राहिले.

घरी येताना गाडीत कन्या मागे बसली होती. म्हणाली, तो अभिनय नव्हता, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, थँक्यू. मला आणखी बरंच बोलायचं होतं. बायकोनं आरशातून पाहिलं. बोललो नाही.

१४ एप्रिल, सकाळ

नवा संकल्प, एकच. कन्या बोलत असताना तोंड उघडायचं नाही. काहीही झालं तरी.

नाश्त्याला आम्ही दोघंच होतो. ती आपणहून बोलायला लागली. फेब्रुवारीनंतर इतकं सविस्तर पहिल्यांदाच. मी चमचा खाली ठेवला. कर्कटकांसारखा बसलो. चेहरा शांत, भुवया स्थिर, ओठ मिटलेले. दीर्घ श्वास. घड्याळाकडे बघितलं नाही, बोटं वाजवली नाहीत, मान हलवली नाही. मध्ये एकदोनदा शब्द जिभेवर आले, गिळून टाकले. ती थांबली. मी थांबलो. ती माझ्याकडे बघत होती. मीही अत्यंत प्रेमानं बघत होतो. इतका वेळ मी कधीच थांबलो नव्हतो. आपल्याला हे जमतंय या विचारानं डोळे भरून आले.

शेवटी ती म्हणाली, बाबा, माझं बोलून झालंय. मी तुला काहीतरी विचारलंय.

मी म्हटलं, काय विचारलंस?